परसातील मालमोटार

प्रवरा नदीच्या काठी वसलेले नेवासा हे गाव साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे, ते ज्ञानेश्वरीमुळे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास, ज्ञानेश्वरांनी ज्या दगडी खांबाला टेकून गीतेचा अर्थ सांगितला असे परंपरा मानते, तो पैसाचा खांब आजही तेथे उभा आहे. त्याच्यावर एक जुना लेख कोरलेला आहे. काळाच्या ओघात खांबाचा दगड झिजला. परंतु तो काढून त्याच्या जागी नवा, गुळगुळीत खांब बसवावा, असे कोणाच्या मनात आले नाही. तसे केले असते, तर जागा सुबक दिसली असती. पण तेथे येऊन हात जोडावेत असे काही उरले नसते.

याच नेवाशात १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील विद्वान संशोधक डॉ. हसमुख सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी येथे राहणाऱ्या माणसांची रंगविलेली मातीची भांडी आणि त्यांची असंख्य खापरे जमिनीतून बाहेर आली. अशा कामात खापराचा लहानसा तुकडाही टाकून देत नाहीत. तो कोठे सापडला, मातीच्या कोणत्या थरात सापडला, याची नोंद केली जाते. ती नोंद नसेल, तर खापर हे केवळ खापरच राहते. नोंद असेल, तर त्यापासून एका घरातील चुलीपर्यंत पोहोचता येते.

खांबाला आणि खापराला जे लागू आहे, ते यंत्रालाही लागू आहे. जुने यंत्र पुन्हा चालते करणे हे काम केवळ हातांचे आहे, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः ते आधी डोळ्यांचे, मग वहीचे आणि त्यानंतर हातांचे काम आहे. एका जुन्या मालमोटारीच्या उदाहरणावरून हे चांगले समजते.

नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, मोटारीने हळूहळू प्रवेश केला. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ साली मुंबईत मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. परदेशातून जहाजाने सुटे भाग येत आणि येथील कामगार ते जोडून शेवरोलेट गाड्या तयार करीत. पुढे १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. १९४७ पासून महिंद्र कंपनीने मुंबईत जीपगाड्या जोडण्यास प्रारंभ केला. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. प्रवरेच्या खोऱ्यात उसाची शेती वाढली, १९५० च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि बैलगाडीच्या चाकोरीशेजारी मालमोटारीच्या चाकांचे ठसे उमटू लागले. पुढे चालकाची लहान केबिन आणि मागे माल भरण्याचा उघडा हौदा, अशा छोट्या मालमोटारी बागाईतदारांच्या दारी दिसू लागल्या. आज त्यांपैकी बहुतेक भंगारात गेल्या आहेत. क्वचित एखादी परसात, गवतात रुतून उभी असते.

नेवाशातील अशाच एका घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. घरात आजोबा, आजी, त्यांचा मुलगा व सून आणि सहावी-सातवीत शिकणारी नात व नातू आहेत. परसात चिंचेखाली १९५० च्या सुमाराची एक शेवरोलेट मालमोटार उभी आहे. ती आजोबांच्या वडिलांनी घेतली होती. तिची चाके जमिनीत रुतली आहेत, बॉनेटवर चिमण्यांनी काड्या आणून टाकल्या आहेत आणि हौद्याच्या फळ्यांतून रानवेल वर आला आहे. एके दिवशी भंगारवाला दारात येतो, लोखंडाच्या वजनाने भाव सांगतो आणि सारे घर आजोबांकडे पाहू लागते.

"आजोबा, ही चालत तर नाही. मग ठेवायची कशाला?" नातू विचारतो.

आजोबा उत्तर देण्यापूर्वीच आजी माजघरातून म्हणतात, "बाहत्तर सालच्या दुष्काळात आपल्या वस्तीला पाणी याच गाडीने आणले, बाळ. हौद्यात पिंपे उभी करून तुझे आजोबा पहाटे निघत, ते ऊन चढल्यावर परत येत. विकायची तर विका. पण काय विकता आहात, ते आधी त्या पोरांना सांगा."

भंगारवाला रिकाम्या हाताने परत जातो. त्या रात्री घरात ठरते की, गाडी पुन्हा चालती करावयाची आणि होईल तेवढे काम घरीच करावयाचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातू पान्हा घेऊन परसात हजर होतो. त्याला वाटते, आता नटबोल्ट खोलावयाचे. परंतु आजोबांनी बोलावून आणलेले वृद्ध मिस्त्री त्याच्या हातातून पान्हा काढून घेतात आणि त्या जागी पेन्सिल देतात. पहिले आठ दिवस कोणताही भाग खोलावयाचा नाही, केवळ पाहावयाचे, असे ते सांगतात. नात वहीत गाडीचे चित्र काढते. कोणती तार कोठून कोठे जाते, कोणती नळी कोणत्या नळीच्या वरून जाते, कोणत्या ठिकाणी मूळ रंग शिल्लक आहे, हे सारे ती टिपून घेते. तिचे वडील प्रत्येक बाजूने छायाचित्रे घेतात. जो भाग सुटेल त्याला क्रमांकाची चिठ्ठी बांधावयाची, त्याचे बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवावयाचे आणि तोच क्रमांक वहीत लिहावयाचा, असा नियम ठरतो. उत्खननातील खापराच्या नोंदीसारखीच ही नोंद होय. मोटार खोलणे सोपे असते. सहा महिन्यांनंतर समोर पसरलेल्या शेकडो तुकड्यांतून ती पुन्हा जोडणे अवघड असते. आणि त्या वेळी स्मरणशक्ती नव्हे, तर वहीच उपयोगी पडते.

कामास हात घालण्यापूर्वी मिस्त्री आणखी तीन गोष्टी बजावतात. गाडी जॅकने उचलली, तरी केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कोणीही शिरावयाचे नाही. भक्कम लोखंडी घोडे किंवा लाकडी ओंडके खाली दिल्यावाचून काम करावयाचे नाही. जुन्या रंगात शिशाचा अंश असू शकतो, म्हणून तो कोरडा घासून त्याची धूळ उडवावयाची नाही. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि त्याची धूळ फुप्फुसाला अपाय करते, म्हणून ते काम मोठ्यांनी तोंडावर योग्य आच्छादन बांधून, भाग ओले ठेवून करावयाचे. जुन्या वस्तूविषयी आदर बाळगावा, पण तिच्यातील धोक्यांकडे दुर्लक्ष करू नये, हे मुलांना तेथे प्रथम कळते.

मग इंजिनाची पाळी येते. या गाडीचे इंजिन सहा सिलिंडरांचे आहे. प्रत्येक सिलिंडरमध्ये एक पिस्टन वरखाली सरकतो. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आत ओढणे, ते दाबणे, ठिणगीने पेटविणे आणि जळालेला वायू बाहेर टाकणे, ही चार कामे तो क्रमाने करतो. परंतु वर्षानुवर्षे गाडी उभी राहिल्यामुळे पिस्टन जागच्या जागी चिकटून बसले आहेत. इंजिन तसूभरही फिरत नाही. नातू लांब दांड्याचा पान्हा लावून सारा जोर लावतो आणि शेवटी हातोडा मागतो.

"जोराने ते फिरेल," मिस्त्री म्हणतात, "किंवा मोडेल. एकदा मोडले, की मग माझ्याजवळ उपाय नाही."

ते सहाही प्लग काढतात आणि प्रत्येक छिद्रातून थोडे पातळ तेल आत सोडतात. रोज थोडे तेल घालावयाचे, पान्ह्याने हलकेच एकदा पुढे आणि एकदा मागे दाब द्यावयाचा आणि थांबावयाचे. पहिल्या दिवशी काहीच घडत नाही. चौथ्या दिवशीही नाही. तेल मात्र आपले काम करीत असते. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत ते झिरपत जाते. एका सायंकाळी पान्हा बोटभर सरकतो. नातू ओरडतच घरात धावतो आणि सारे घर परसात जमते. इतक्या वर्षांनी यंत्र केवळ बोटभर हललेले असते. पण त्या बोटभर हालचालीचा आनंद त्या घरात सणासारखा साजरा होतो.

इंजिनापेक्षा मोठा शत्रू म्हणजे गंज. लोखंडाला पाणी आणि हवेतील प्राणवायू यांचा एकत्र संयोग झाला, की गंज चढतो. या दोहोंपैकी एकालाही दूर ठेवले, तर तो चढत नाही. रंग, तेल आणि ग्रीस यांचे काम तेच असते. ते लोखंड आणि पाणी यांच्यामध्ये पडदा धरतात. गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात तो शिरला, म्हणजे सांधा फुगतो आणि आतून फाटतो. वरून रंग चकचकीत दिसला, तरी आतून पत्रा चाळणीसारखा झालेला असू शकतो. मडगार्डावर मिस्त्री बोटाने टिचक्या मारीत जातात. चांगला पत्रा खणखणीत बोलतो; गंजलेला पत्रा बद्द वाजतो. जेथे पत्रा केवळ वरून गंजला आहे, तेथे तारेच्या ब्रशाने तो साफ करून अस्तराचा रंग द्यावयाचा. जेथे तो पार खाल्ला गेला आहे, तेथे तेवढाच भाग कापून नवा तुकडा वेल्डिंगने जोडावयाचा. भोक तसेच ठेवून त्यावर लुकण भरणे आणि रंग मारणे हा सर्वांत स्वस्त मार्ग असतो; परंतु ती दुरुस्ती नव्हे, ती लपवाछपवी होय. पुढच्या पावसाळ्यात ती उघडी पडल्यावाचून राहत नाही.

अशा कामात गावातील निरनिराळ्या कारागिरांचे हात लागतात. वेल्डर पत्रा जोडतो, लेथवर काम करणारा कारागीर झिजलेली पिन पाहून तशीच दुसरी घडवितो, लोहार कमानीचे पाटे तपासतो आणि रेडिएटरची गळकी नळी डाग देऊन बंद केली जाते. जो भाग बाजारात मिळत नाही, तो मापे घेऊन घडवावा लागतो. नात प्रत्येक वेळी वहीत लिहिते : हा भाग मूळचा, हा नवा, हा दुरुस्त केलेला.

खरा पेच मात्र हौद्यापाशी पडतो. या जातीच्या गाडीच्या हौद्याला लाकडी फळ्या असतात आणि त्यांच्यामध्ये पोलादी पट्ट्या असतात. आठ फळ्यांपैकी पाच कुजून गेल्या आहेत. तीन मात्र टणक आहेत. पण त्यांच्यावर काळसर, गोल डाग उमटले आहेत. सुतार म्हणतो, "सगळ्याच बदलू. बाभळीचे चांगले लाकूड आहे. आठही फळ्या सारख्या दिसतील."

नातू लगेच होकार देतो. नात मात्र त्या डागांवरून हात फिरवीत राहते. "आजोबा, हे डाग कशाचे?" ती विचारते.

आजोबा थोडा वेळ बोलत नाहीत. मग म्हणतात, "पिंपांचे. ओल्या बुडांचा गंज लाकडात उतरला."

त्या सायंकाळी ते दोघाही मुलांना घेऊन पैसाच्या खांबापर्यंत चालत जातात. खांबापाशी ते नातवाला विचारतात, "हा दगड घासून नवा करावा, असे तुला वाटते का?"

"नाही. मग त्यावरची अक्षरे जातील," नातू उत्तर देतो आणि क्षणभराने आपण होऊनच म्हणतो, "त्या तीन फळ्या ठेवू या."

जुने ते सारेच ठेवावे, असा याचा अर्थ नव्हे. कुजलेल्या पाच फळ्या ठेवल्या असत्या, तर हौद्यात पाय देणारा माणूस खाली कोसळला असता. जे भार सोसू शकत नाही ते बदलले पाहिजे. जे भार सोसू शकते आणि शिवाय काही सांगते, ते केवळ कुरूप दिसते म्हणून टाकू नये. ही निवड करणे हेच या कामातील सर्वांत कठीण कौशल्य आहे आणि ते कोणत्याही पेटीतील हत्यारांनी करता येत नाही. सुतार तीन जुन्या फळ्यांना तेल पाजतो आणि त्यांच्या शेजारी पाच नव्या बसवितो. हौदा एकसारखा दिसत नाही. पण तो खोटे बोलत नाही.

जोडणीस सुरुवात होते, तेव्हा वहीची किंमत सर्वांना कळते. डबे एकेक करून रिकामे होतात. नवी बॅटरी बसविली जाते. त्या काळच्या या गाड्यांची विद्युत्‌रचना सहा व्होल्टची असल्याने बॅटरीही सहा व्होल्टचीच लागते. सर्वांत आधी ब्रेक तपासले जातात, कारण जे यंत्र थांबविता येत नाही ते सुरू करणे हा अविचार होय. अखेर एके दिवशी आजोबा केबिनमध्ये बसतात आणि पायाने स्टार्टर दाबतात. इंजिन फिरते, खोकते, मागून धाडकन आवाज करते आणि बंद पडते. पुन्हा दाबतात, पुन्हा तेच.

मिस्त्री मुलांकडे पाहतात. "सहा सिलिंडरांत ठिणगी कोणत्या क्रमाने पडते?"

नात वही उघडते. "एक, पाच, तीन, सहा, दोन, चार."

"मग तारा पाहा."

एका तारेची चिठ्ठी तेलाने भिजून गळून पडलेली असते. नातवाने ती तार अंदाजाने लावली होती आणि ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. त्यामुळे पाचव्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या तारांची अदलाबदल झाली होती. मान खाली घालून तो हे कबूल करतो. मिस्त्री रागावत नाहीत. "चूक कोणाकडूनही होते," ते म्हणतात, "पण यंत्रापुढे ती झाकून ठेवता येत नाही." तारा योग्य जागी लावल्या जातात. आजोबा पुन्हा स्टार्टर दाबतात. या वेळी धूर निघतो, सारी गाडी थरथरते आणि थोड्याच वेळात इंजिन एका लयीत बोलू लागते. आजी पदराला हात पुसत परसात येतात आणि काही न बोलता हौद्याच्या फळीवर हात ठेवतात.

अशा जुन्या वाहनांचे मूल्य आज कायद्यानेही ओळखले आहे. भारत सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या, खाजगी वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी करता येते. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे, त्याच्या सांगाड्यात, बाह्य रूपात आणि इंजिनात मोठे फेरबदल केलेले नसावेत, अशी अट आहे. असे वाहन नेहमीच्या प्रवासासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर चालविता येत नाही. जे नेवाशाच्या खांबाने मुलांना शिकविले, तेच या नियमाचेही सार आहे : नवे करणे निराळे आणि जुने नीट करणे निराळे.

नेवाशाहून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या नगर शहरात हेच कार्य फार मोठ्या प्रमाणावर पाहावयास मिळते. तेथे १९९४ साली लष्कराने रणगाड्यांचे संग्रहालय सुरू केले. रोल्स-रॉइस कंपनीची जुनी चिलखती मोटार, दुसऱ्या महायुद्धातील निरनिराळ्या देशांचे रणगाडे आणि भारतात तयार झालेला विजयंता तेथे जतन केलेले आहेत. पुस्तकातील चित्रावरून रणगाड्याचे नाव कळते. पण त्याच्यासमोर उभे राहिले, म्हणजे त्याच्या आत बसणाऱ्या माणसाला किती थोडी जागा मिळत होती, हे कळते. वस्तू जपल्या, तरच अशा गोष्टी पुढच्या पिढीला समजतात.

लष्कराजवळ संग्रहालय असते. घराजवळ परस असतो. दोहोंचे काम एकच. खंडेनवमीच्या दिवशी त्या घरात पान्हे, हातोडी, पक्कड आणि तेलाची बुधली पाटावर मांडली जाते. आजी त्यांना हळदकुंकू वाहतात आणि झेंडूची फुले ठेवतात. नात आत जाऊन तेलाच्या डागांनी मळलेली वही घेऊन येते आणि विचारते, "हीसुद्धा ठेवू का?"

"तीच आधी ठेव," आजोबा म्हणतात.

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) गाडी विकण्यापूर्वी मुलांना काय सांगावे, असे आजींना वाटत होते?
(आ) गंज चढण्यासाठी कोणत्या दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात?
(इ) हौद्याच्या तीन फळ्यांवरील डाग कशाचे होते?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा :
(अ) उत्खननातील खापराची नोंद आणि नातीची वही यांत कोणते साम्य आहे?
(आ) 'ती दुरुस्ती नव्हे, ती लपवाछपवी होय', असे कोणत्या कामाविषयी म्हटले आहे? का?
(इ) पाच फळ्या बदलल्या आणि तीन ठेवल्या. हा निर्णय तुम्हांस योग्य वाटतो का? कारणे द्या.

३. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा :
तसूभर, झिरपणे, खणखणीत, भरवसा, पेच.

४. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या वस्तूविषयी वडीलधाऱ्या माणसांकडून माहिती मिळवा. ती कोणी आणली, कशासाठी वापरली, तिचा कोणता भाग मूळचा आहे व कोणता बदललेला आहे, हे लिहून काढा.